वाचकांचे प्रश्न : ॲपची विक्री आणि विक्रीकराची जबाबदारी

मोबाइल ॲप एकट्याने तयार करून विकणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असून त्यांतील बऱ्याच पत्रांचा विषय विक्रीवरील कर हाच आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. देशोदेशी या कराला विक्रीकर, मूल्यवर्धित कर, वस्तू व सेवा कर किंवा उपभोग कर अशी निरनिराळी नावे आहेत. जेथे त्यांच्यातील फरकाने उत्तर बदलते तेथे तो सांगितला आहे. अन्यत्र सोयीसाठी सर्वांना विक्रीकर असेच म्हटले आहे.

प्रश्न : माझे एक सशुल्क ॲप ॲपल आणि गुगल या दोन्ही स्टोअरवर आहे. दरमहा येणाऱ्या हिशेबात काही देशांपुढे कराची रक्कम वजा केलेली दिसते, तर काहींपुढे ती जागा रिकामी असते. स्टोअर कर भरत असेल तर मला वेगळे काही करावे लागते का? आणि जेथे रक्कम दिसत नाही तेथे मी थकबाकीदार ठरतो का?

उत्तर : कराच्या दरांकडे वळण्यापूर्वी, ग्राहकाला आपले ॲप कायद्याच्या दृष्टीने कोणी विकले, हे ठरवावे लागते. ग्राहकाने पैसे दिले आणि ॲप त्याच्या फोनवर उतरले, या एकाच घटनेकडे कायदा दोन प्रकारे पाहू शकतो. एका प्रकारात विक्रेते आपण असता आणि स्टोअर हे कमिशन घेणारे एजंट असते. दुसऱ्या प्रकारात आपण स्टोअरला विक्री केली व स्टोअरने स्वतःच्या नावाने ती पुढे ग्राहकाला केली, असे मानले जाते. ॲपलच्या सशुल्क ॲपविषयीच्या करारातच ही विभागणी आहे: कोणत्या देशांत कंपनी आपली एजंट आहे, कोठे ती आपल्या वतीने पण स्वतःच्या नावाने विकते आणि कोणत्या देशांत कर गोळा करून सरकारजमा करण्याचे काम तिने पत्करले आहे, हे त्याच्या परिशिष्टांत देशवार दिलेले असते. गुगलही अशी देशांची यादी ठेवते आणि यादीबाहेरच्या देशांत कर आकारून भरण्याची जबाबदारी विकसकावर सोडते. बहुतेक विकसक हा करार न वाचता मान्य करतात. निदान ही परिशिष्टे तरी उतरवून जवळ ठेवावीत आणि करार बदलल्याची सूचना आली की पुन्हा तपासावीत, कारण या याद्या स्थिर नसतात.

युरोपीय संघाने या बाबतीत फारशी संदिग्धता ठेवलेली नाही. १ जानेवारी २०१५ पासून खासगी ग्राहकांना दिलेल्या इलेक्ट्रॉनिक सेवांवरचा मूल्यवर्धित कर ग्राहक ज्या देशात असेल त्या देशाच्या दराने लागतो. त्याच दिवसापासून लागू झालेल्या, या कराच्या अंमलबजावणी नियमांतील अनुच्छेद ९अ प्रमाणे ॲपच्या बाजारपेठेतून झालेल्या विक्रीत मध्यस्थ स्वतःच्या नावाने विक्री करतो, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोडून काढण्याची वाट नियमात आहे. मात्र जो मध्यस्थ ग्राहकाकडून पैसे आकारण्यास मंजुरी देतो, सेवा पोहोचवण्यास मंजुरी देतो किंवा विक्रीच्या सर्वसाधारण अटी ठरवतो, त्याला ती वाट बंद आहे. मोठी स्टोअर यांपैकी एकच नव्हे तर तिन्ही गोष्टी करतात. ओन्लीफॅन्स हे वर्गणीवर चालणारे संकेतस्थळ चालवणाऱ्या फेनिक्स इंटरनॅशनल या कंपनीने या अनुच्छेदाच्या वैधतेलाच आव्हान दिले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२३ रोजी ते फेटाळले. त्यामुळे स्टोअरमधून युरोपीय ग्राहकाला झालेल्या विक्रीवरचा कर भरणे हे स्टोअरचे काम आहे, असे धरून चालण्यास हरकत नाही.

अमेरिकेत देशव्यापी विक्रीकर नाही. ४५ राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा तो आपापल्या कायद्याने लावतात आणि या सर्वांनी तो गोळा करण्याची जबाबदारी बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. मिसुरी हे राज्य १ जानेवारी २०२३ रोजी या यादीत सर्वांत शेवटी आले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१७ पासून परदेशातून विकल्या जाणाऱ्या डिजिटल उत्पादनांवर १० टक्के कर लावला, तेव्हाच तो भरण्याची जबाबदारी विक्री जेथून होते त्या मंचाकडे दिली. जपानची व्यवस्था जरा वेगळी असून ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे १ एप्रिल २०२५ पासून मोठ्या मंचांनी कर भरण्याची पद्धत सुरू झाली, परंतु ती परदेशी विकसकांच्या विक्रीपुरतीच आहे. जपानमधील विकसकाने जपानी ग्राहकाला केलेल्या विक्रीचा उपभोग कर पूर्वीप्रमाणे त्याचा त्यालाच पाहावा लागतो. स्टोअर सगळीकडे कर भरते अशी समजूत करून घेतलेल्या विकसकाचा पाय अशा ठिकाणी, म्हणजे स्वतःच्याच देशातील विक्रीत, अडकण्याचा संभव अधिक असतो.

आता हिशेबातील रिकाम्या जागांविषयी. तेथे कर लागूच होत नसेल. उदाहरणार्थ, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या राज्यांत केवळ इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर विक्रीकर नाही. किंवा किमतीच्या वर वेगळा कर आकारून स्टोअरने तो परस्पर भरला असेल आणि म्हणून आपल्या हिशेबात तो आला नसेल. तिसरी शक्यता, स्टोअरने त्या देशाची जबाबदारी घेतलेलीच नसेल. आपल्या काळजीचा विषय ही तिसरीच असून तिचे उत्तर करारातील यादीत मिळते. अशा देशांत आपली विक्री किती आहे आणि तेथे नोंदणीसाठी किमान उलाढालीची मर्यादा आहे का, एवढे तपासले की प्रश्न पुष्कळसा आवाक्यात येतो.

प्रश्न : माझ्या ॲपची किंमत युरोपातील सर्व देशांत सारखीच ठेवली आहे, तरी प्रत्येक देशातून एका विक्रीमागे हाती पडणारी रक्कम वेगळी का?

उत्तर : युरोपात ग्राहकाला दाखवली जाणारी किंमत करासहित असते. स्टोअर त्यातून आधी कर बाजूला काढते आणि उरलेल्या रकमेवर कमिशन घेते. किंमत १२ युरो आणि कमिशन १५ टक्के असे धरू. फ्रान्समध्ये कराचा दर २० टक्के असल्याने करविरहित किंमत १० युरो होते आणि आपल्याला ८.५० युरो मिळतात. हंगेरीचा दर २७ टक्के, म्हणजे संघातील सर्वांत जास्त. तेथे हाती सुमारे ८.०३ युरो पडतात. लक्झेम्बर्गमध्ये १७ टक्के हा सर्वांत कमी दर असल्याने सुमारे ८.७२ युरो मिळतात. अमेरिकेत कर किमतीच्या वर लागतो, म्हणून १२ डॉलरच्या ॲपचे १०.२० डॉलर सर्व राज्यांतून सारखेच येतात.

फरक नको असेल तर देशवार किंमत ठरवण्याची सोय स्टोअरमध्ये आहे. माझ्या मते लहान विकसकाने त्यात फार वेळ घालवू नये. मात्र एखाद्या देशात कराचा दर वाढला की त्याचा भार किंमत न बदलल्यास पूर्णपणे आपल्यावर येतो, हे ठाऊक असावे.

प्रश्न : स्टोअरचे कमिशन वाचवण्यासाठी वार्षिक वर्गणी माझ्या संकेतस्थळावरून विकण्याचा विचार आहे. ॲपमध्ये तेथे नेणारा दुवा देता येईल. पैसे घेणारी कंपनी कार्डावरचे पैसे थेट माझ्या खात्यात जमा करील. कराच्या दृष्टीने काय बदलेल?

उत्तर : जवळजवळ सर्व काही बदलेल, आणि म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे. युरोपात मोठ्या डिजिटल मंचांवर बंधने घालणाऱ्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे आणि अमेरिकेत ३० एप्रिल २०२५ च्या न्यायालयीन आदेशानंतर ॲपमधून बाहेरच्या विक्रीपानाकडे नेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. त्याची चर्चा कमिशनच्या अंगाने पुष्कळ झाली, कराच्या अंगाने मात्र फारशी झाली नाही. ग्राहक स्टोअरच्या बाहेर पैसे देतो तेव्हा विक्रेते निर्विवादपणे आपण असता, आणि स्टोअर आजवर मुकाट्याने करत असलेले देशोदेशीच्या कराचे काम आपल्याकडे येते.

युरोपीय संघातील ग्राहकांपासून सुरुवात करू. आपण संघाबाहेरचे असाल तर किमान उलाढालीची कोणतीही सवलत नाही. खासगी ग्राहकाला केलेल्या पहिल्याच विक्रीपासून कर द्यावा लागतो. संघातील विकसकाला इतर सदस्य देशांतील विक्री वर्षाला १०,००० युरोपर्यंत असेपर्यंत स्वतःच्या देशाचा दर लावता येतो. दिलासा असा की प्रत्येक देशात वेगळी नोंदणी करावी लागत नाही. वन स्टॉप शॉप या योजनेत संघाबाहेरच्या विक्रेत्याने कोणत्याही एका सदस्य देशात नोंदणी करायची आणि दर तिमाहीला एकच विवरणपत्र भरायचे, ज्यात देशवार विक्री आणि देशवार कर दाखवलेला असतो. तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या अखेरपर्यंत विवरण व भरणा दोन्ही व्हावे लागतात, विक्री शून्य असली तरी विवरण चुकवता येत नाही आणि नोंदी १० वर्षे जपाव्या लागतात.

या नोंदींत सर्वांत कटकटीचा भाग ग्राहकाच्या ठिकाणाचा पुरावा हा आहे. ग्राहक कोणत्या देशातला, हे त्याच्या नुसत्या सांगण्यावर ठरत नाही. बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँकेचा देश, सिमकार्डावरील देशाचा संकेतांक अशांपैकी परस्परविरोधी नसलेले दोन पुरावे साधारणपणे लागतात. विक्रीपान तयार करतानाच ते साठवण्याची व्यवस्था केली नाही तर नंतर ते मिळवता येत नाहीत. ग्राहक स्वतः व्यावसायिक असून त्याने वैध मूल्यवर्धित कर क्रमांक दिला, तर कर भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. तो क्रमांक युरोपीय आयोगाच्या व्हीआयईएस या सुविधेवर तपासून त्याची नोंद ठेवावी.

अमेरिकेचे गणित वेगळे आहे. १९९२ च्या क्विल निकालाप्रमाणे ज्या राज्यात विक्रेत्याची प्रत्यक्ष उपस्थिती नाही ते राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकत नव्हते. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम मोडीत काढला आणि केवळ विक्रीच्या आकारावरून जबाबदारी लादण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला. साउथ डकोटाची मर्यादा १,००,००० डॉलर आहे आणि बऱ्याच राज्यांनी तोच आकडा उचलला. कॅलिफोर्निया आणि टेक्सासची मर्यादा ५,००,००० डॉलर आहे, तर न्यूयॉर्कमध्ये ५,००,००० डॉलरबरोबर १०० हून अधिक व्यवहारांचीही अट आहे. एकट्या विकसकाची थेट विक्री एका राज्यात इतकी होणे दुर्मीळ असते, त्यामुळे अनेकांना नोंदणीची गरज पडत नाही. तथापि दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. आपण किंवा आपल्यासाठी काम करणारी व्यक्ती एखाद्या राज्यात राहत असेल तर त्या राज्यात प्रत्यक्ष उपस्थिती धरली जाते आणि मग या मर्यादांचा आधार राहत नाही. आणि काही राज्यांत स्टोअरमधून झालेली विक्रीही मर्यादा मोजताना मिळवावी लागते, तिच्यावरचा कर स्टोअरने भरलेला असला तरी.

आपण पत्रात ज्या कंपनीचा उल्लेख केला आहे ती केवळ पैसे वसूल करून देणारी आहे, हे लक्षात घ्यावे. कर मोजून देण्याचे सॉफ्टवेअर तिच्याकडे असले तरी नोंदणी, विवरण आणि भरणा आपल्याच नावाने होतो. याउलट मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणून काम करणाऱ्या कंपन्या आपले उत्पादन स्वतःच्या नावाने ग्राहकाला विकतात आणि जगभरचा विक्रीकर स्वतः भरतात. त्यांचे शुल्क साध्या वसुलीपेक्षा जास्त असते. दहा-वीस देशांत विखुरलेले ग्राहक असलेल्या एकट्या माणसाने हाच पर्याय घ्यावा, असे माझे मत आहे. कमिशनमधील बचत मोजताना हे शुल्क, किंवा ते टाळायचे असेल तर कर सल्लागाराची फी आणि आपले तास, वजा करून पाहावेत. वर्षाला काही शेकडा वर्गणीदार असलेल्या ॲपची बचत या वजाबाकीनंतर फारशी उरत नाही.

प्रश्न : माझे ॲप म्हणजे लहान मुलांसाठीचे सचित्र मासिक आहे. स्टोअरने कराचा प्रकार निवडण्यास सांगितले आहे. आहे तोच ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण बहुधा आपल्या खिशाला चाट बसेल. निवड न केल्यास ॲप सर्वसाधारण सॉफ्टवेअर समजले जाते आणि पूर्ण दर लागतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांवर कमी दर लावण्याची मुभा सदस्य देशांना दिली आणि अनेकांनी ती घेतली आहे. लक्झेम्बर्गमध्ये ई-पुस्तकांवरचा दर ३ टक्के आहे. किंमत करासहित असल्याने दर कमी झाला की तो फरक आपल्या वाट्याला येतो. मात्र ॲपमध्ये वाचनापेक्षा खेळ किंवा चित्रफिती यांचाच भाग मोठा असेल तर प्रकाशन हा प्रकार निवडू नये. वर्गीकरण आपण करता, म्हणून त्याचे समर्थनही आपल्यालाच करावे लागेल.

प्रश्न : हिशेबाच्या वहीत उत्पन्न म्हणून काय लिहावे: ग्राहकाने दिलेली पूर्ण किंमत की बँकेत जमा झालेली रक्कम? माझा लेखापाल दुसरे सांगतो, एक मित्र पहिले.

उत्तर : दोघेही एकेका देशापुरते बरोबर असू शकतात. जेथे स्टोअर एजंट आहे तेथे विक्री आपली असते, म्हणून करविरहित पूर्ण किंमत ही उलाढाल आणि कमिशन हा खर्च होतो. जेथे स्टोअर स्वतःच्या नावाने विकते तेथे आपली विक्री स्टोअरला झालेली असते आणि तिची किंमत कमिशन वजा जाता उरलेली रक्कम असते. बँकेतील जमा एकच आकडा असला तरी तो या दोन प्रकारच्या व्यवहारांची बेरीज असतो. म्हणून स्टोअरचा देशवार अहवाल दरमहा उतरवून ठेवावा आणि नोंद त्यावरून करावी.

हा भेद नोंदणीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोंदणीची मर्यादा ९०,००० पौंड आहे आणि तिच्यात देशांतर्गत करपात्र पुरवठाच मोजला जातो. परदेशातील कंपनीला दिलेली सेवा तिच्यात येत नाही. भारताच्या वस्तू व सेवा कर कायद्यात मात्र एकूण उलाढाल या संज्ञेत निर्यातीचाही समावेश आहे. एकसारखी विक्री असलेले दोन विकसक अशा रीतीने एक नोंदणीच्या आत आणि दुसरा बाहेर असू शकतात. शिवाय परदेशी स्टोअर कमिशन घेते तेव्हा ती आपण आयात केलेली सेवा मानली जाऊ शकते, आणि तसे झाल्यास तिच्यावरचा कर रिव्हर्स चार्ज पद्धतीने आपणच दाखवावा लागतो. नोंदणीकृत विकसकाला तो बहुधा परत वजा करून मिळतो, तरी विवरणात तो दाखवणे टळत नाही.

प्रश्न : ॲप मोफत आहे, उत्पन्न केवळ जाहिरातींचे. मला हे सारे लागू होते का? आणि अमेरिकेतील मेरिलँड राज्याचा डिजिटल जाहिरात कर मला भरावा लागेल का?

उत्तर : वरील बहुतेक भाग लागू होत नाही. आपण ॲप वापरणाऱ्याला काही विकत नाही. जाहिरातीची जागा जाहिरात-जाळे चालवणाऱ्या कंपनीला देता, आणि तीच आपली एकमेव ग्राहक असते. ती परदेशात असेल तर मूल्यवर्धित कराच्या बहुतेक पद्धतींत कराचे ठिकाण तिचा देश ठरतो व आपण कर आकारत नाही, परंतु बीजक आणि विवरण यांची औपचारिकता राहू शकते. अमेरिकेतील मेरिलँड राज्याने २०२१ मध्ये आणलेल्या डिजिटल जाहिरात कराविषयी आपण विचारले आहे. तो जागतिक उत्पन्न १० कोटी डॉलरच्या पुढे असलेल्या कंपन्यांसाठी आहे.

प्रश्न : गेली काही वर्षे मी स्वतःच्या संकेतस्थळावरून परवाना-चाव्या (सॉफ्टवेअर सुरू करण्याचे संकेतांक) विकत आलो आहे आणि युरोपातील वा अमेरिकेतील ग्राहकांकडून कर कधीच घेतला नाही. ग्राहकांकडून घेतलाच नाही, तर देणे कसे लागेन?

उत्तर : दुर्दैवाने लागता. कर वसूल न करणे हे विक्रेत्याचे न भरण्याचे कारण मानले जात नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये, करारात कराचा उल्लेख नसेल आणि विक्रेत्याला तो आता ग्राहकाकडून वसूल करता येत नसेल तर मिळालेली किंमतच करासहित समजावी, असा निर्णय दिला आहे. म्हणजे १२ युरोवर २० टक्के वेगळे न मोजता त्यातील २ युरो कर धरला जाईल. अमेरिकेत कर किमतीवर मोजला जातो, त्यामुळे तेथे ही सूट गृहीत धरू नये.

आधी ग्राहकांच्या नोंदी देशवार आणि राज्यवार लावाव्यात. अमेरिकेत एकाही राज्याची मर्यादा ओलांडलेली नाही व कोठेही प्रत्यक्ष उपस्थिती नाही, असे निघण्याची शक्यता बरीच आहे. तसे झाल्यास तेथील प्रश्न मिटला. युरोपातील थकबाकी वन स्टॉप शॉपच्या नोंदणीने आपोआप निकाली निघत नाही, कारण ती योजना पुढील विक्रीसाठी आहे. मागील काळासाठी संबंधित देशाच्या कर खात्याशी वेगळा संपर्क करावा लागतो. अमेरिकेतील एखाद्या राज्यात मर्यादा ओलांडलेली असेल तर स्वेच्छेने थकबाकी जाहीर करण्याचे करार बहुतेक राज्ये करतात. त्यांत दंड माफ होतो आणि किती मागे जायचे याला सीमा घातली जाते. राज्याकडून पहिली नोटीस येण्यापूर्वी अर्ज केलेला असला तरच ही सवलत मिळते, आणि सल्लागारामार्फत आपले नाव उघड न करताही बोलणी सुरू करता येतात.